बाळाच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. त्याचा खरोखर काही अर्थ असतो का?

रानजाई:
नमस्कार. माझ्या मुलाचे जावळ अकराव्या महिन्यात, म्हणजे गेल्याच आठवड्यात काढले. डोके मोकळे झाल्यावर सर्वांच्या लक्षात आले की त्याच्या माथ्यामागे शेजारी शेजारी दोन भोवरे आहेत, एक उजवीकडे वळणारा आणि दुसरा डावीकडे. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने. चुलत सासूबाई म्हणतात की असे मूल अतिशय हट्टी निघते, म्हणून त्याला आतापासूनच धाकात ठेवले पाहिजे. वारंवार गोटा करून डोक्यात तेल जिरवले तर एक भोवरा नाहीसा होतो, असेही एका नातेवाईक बाईंनी सांगितले. शिवाय मुलगा मोठा झाला की लग्नाआधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावून टाकावे म्हणजे दोष जातो, हा सल्ला वेगळाच.

यातील कोणाच्याही मनात वाईट काही नाही, हे मी जाणते. माझी काळजी एवढीच की ज्या मुलाला अजून नीट उभे राहता येत नाही, त्याच्याविषयी 'हा दोन बायकांचा दादला' असे घरात रोज बोलले जाऊ लागले आहे. दोन भोवरे असण्यात वैद्यकीयदृष्ट्या काही गैर आहे का, ही समजूत आली कुठून, आणि घरातील वडीलधाऱ्यांना न दुखावता यावर काय बोलावे, हे कोणी सांगू शकेल का?

बाळगुटी:
रानजाईताई, तालुक्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करताना हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

केसांची मुळे बाळ पोटात असतानाच तयार होतात. गर्भधारणेच्या साधारण दहाव्या ते सोळाव्या आठवड्यांत मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्यामुळे त्यावरील त्वचा ताणली जात असते, आणि नेमकी त्याच सुमारास केसांची मुळे त्वचेत खाली उतरत असतात. त्या ताणामुळे मुळांना तिरकेपणा येतो आणि पुढे केस कोणत्या बाजूला झुकणार हे तेव्हाच ठरून जाते, असे स्पष्टीकरण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात मांडले. ज्या ठिकाणाहून केस चहूबाजूंना फुटून निघतात, तेथे भोवरा दिसतो. बहुतेकांच्या डोक्यावर तो एकच असतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो. शंभरातील साधारण पाच जणांना दोन असतात. भोवरा कोणत्या दिशेने वळणार यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे, आणि तो एकाच जनुकाचा नसून अनेक जनुकांचा मिळून आहे.

आता आजाराविषयी. नवजात बाळ तपासताना आम्ही भोवरा पाहतो हे खरे आहे, कारण गर्भातच मेंदूची वाढ फार खुंटली असेल तर भोवरा नसणे किंवा भलत्याच जागी असणे असे आढळू शकते. परंतु अशा बाळांच्या डोक्याचा घेर कमी असतो आणि इतर खुणाही स्पष्ट दिसतात. तुमच्या बाळाच्या डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढत असेल, ते हाक मारल्यावर वळून पाहत असेल, बसत, रांगत आणि धरून उभे राहत असेल, तर केवळ दोन भोवरे आहेत म्हणून कोणतीही तपासणी करण्याची गरज नाही.

गोटा करून भोवरा जात नाही. वस्तरा त्वचेच्या वर आलेला केस कापतो. मूळ आणि त्याचा तिरकेपणा आत जसाच्या तसा राहतो. तेल लावायला हरकत नाही, मात्र भोवरा 'दाबून बसवण्यासाठी' कोणी डोके जोराने चोळत असेल तर त्यांना आवर्जून थांबवा. बाळाची पुढची टाळू बहुधा वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास भरते, त्यामुळे या वयात डोक्यावर दाब देणे योग्य नाही.

हट्टाविषयी एवढेच सांगतो की एक ते तीन वर्षांच्या वयात सर्वच मुले हट्ट करतात, मग भोवरा एक असो वा दोन. ज्या मुलाच्या डोक्यावर खूण सापडलेली असते, त्याचा हट्ट तेवढा लक्षात ठेवला जातो.

माणदेशकर:
डॉक्टरांनी शरीराची बाजू सांगितली. समजुतीच्या बाजूने मला जे ठाऊक आहे ते लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या खिलार बैल पाळलेले आहेत. सांगोला, आटपाडी, खरसुंडी या बाजारांत बैल घेणारा माणूस दात आणि खूर पाहतो, तसाच अंगावरचा प्रत्येक भोवरा आणि गोम, म्हणजे केसांची उलटी रेघ, पाहतो. एका जागचा भोवरा धन्याला बरकत देणारा, दुसऱ्या जागचा घरात मृत्यू आणणारा, असे ठाम आडाखे असतात आणि गावागणिक ते बदलतातही. घोड्यांच्या बाजारातही हेच चालते. सारंगखेड्याच्या यात्रेत गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असलेल्या घोड्याला मागणी असते. चांगला, कामाचा, निरोगी बैल केवळ भोवऱ्याची जागा 'खोडीची' आहे म्हणून पडेल भावात गेलेला मी पाहिला आहे, आणि तो विकणाऱ्या शेतकऱ्याचे त्या वर्षीचे बियाणे त्या पैशावर अवलंबून होते हेही मला माहीत आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जनावरांच्या स्वभावाचा आणि भोवऱ्याचा संबंध अगदीच निराधार नसावा, असे सुचवणारा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे प्रसिद्ध केले की ज्या गुरांच्या कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर असतो, ती जखडून ठेवल्यावर अधिक बिथरतात. परंतु तो अभ्यास गुरांचा आहे आणि भोवऱ्याच्या उंचीचा आहे. त्यातून 'हा बैल धन्याला खातो' हे निघत नाही, आणि माणसाच्या लेकराचे लग्न तर मुळीच निघत नाही. मला वाटते, जनावर पारखण्याची ही सवय आपण नकळत पाळण्यापर्यंत आणली.

जुनीपाने:
ही समजूत कुठून आली याविषयी मला थोडे सांगावेसे वाटते. डोक्यावरील भोवऱ्याची दखल आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथाच्या शारीरस्थान या भागात अधिपती नावाचे मर्म, म्हणजे शरीरातील नाजूक जागा, सांगितले आहे आणि त्याची जागा ओळखण्यासाठी 'रोमावर्त', म्हणजे केसांचा भोवरा, ही खूण दिली आहे. तेथे जबर मार बसला तर तत्काळ मृत्यू येतो, असे सुश्रुत म्हणतो. म्हणजे त्या ग्रंथात भोवरा ही शस्त्रवैद्याला उपयोगी पडणारी शरीराची खूण आहे आणि तिचा विवाहाशी काही संबंध जोडलेला नाही.

'दोन भोवरे, दोन बायका' यामागे मला जुन्या घरांची परिस्थिती दिसते. बाळंतपणात, तापात आणि साथींत तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत, आणि पुरुषाचे दुसरे लग्न वर्षाच्या आत, पुष्कळदा महिन्याभरातही, लावले जाई. बिजवर, म्हणजे दुसऱ्यांदा लग्न करणारा पुरुष, हा शब्द तेव्हा घराघरांत होता. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांचेही असेच झाले: १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहामुळे त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. याखेरीज पहिली पत्नी हयात असताना दुसरी करण्यासही कायद्याची आडकाठी नव्हती; मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला प्रतिबंध करणारा कायदा १९४६ मध्ये आला आणि देशभर ती बंदी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लागू झाली. ज्या समाजात दुसरे लग्न ही नेहमीची घटना होती, तेथे डोक्यावरच्या जोडखुणेचा असा अर्थ लावला जाणे सहज शक्य होते. एक विचार मात्र मनातून जात नाही. 'याला दोन बायका आहेत' हे वाक्य मुलाविषयी हसून बोलले जाते, पण त्यात पहिल्या बायकोचे मरण गृहीत धरलेले असते, आणि ती मुलगी आज कुठेतरी कोणाच्या तरी मांडीवर खेळत असते.

रुईच्या लग्नाविषयी सांगायचे तर अर्कविवाह (अर्क म्हणजे रुई) हा विधी पुरुषाच्या तिसऱ्या विवाहासाठी सांगितलेला आहे. तिसरी पत्नी जगत नाही अशी भीती असल्यामुळे तिसरे लग्न रुईशी लावून प्रत्यक्षातील वधूला चौथी मानले जाई. दोन भोवऱ्यांसाठी पहिल्याच लग्नाआधी तो करायला सांगणे म्हणजे परंपरेच्या नावाने नवीनच काही सांगणे होय.

कृष्णाकाठ:
सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरी माझी शंका मांडतो. माझ्या सख्ख्या मामांना दोन भोवरे होते आणि त्यांची दोन लग्ने झाली. आमच्या गावातही अशी आणखी उदाहरणे सांगतात. इतक्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव पूर्णपणे खोटा कसा म्हणावा?

जुनीपाने:
कृष्णाकाठ, आपल्या मामांचे उदाहरण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. डॉक्टरांनी सांगितलेले शंभरात पाच हे प्रमाण धरले तर दोन भोवऱ्यांची माणसे ५६ लाखांच्या आसपास भरतात. त्यांतील पुष्कळांचे एकच लग्न झालेले असते, कित्येकांचे एकही नाही, आणि त्यांच्या डोक्याकडे कोणी निरखून पाहत नाही. ज्याचे दुसरे लग्न होते त्याचे केस मात्र बाजूला करून पाहिले जातात. दुसऱ्या बाजूने, एकच भोवरा असलेल्या बिजवरांची आठवण कोणी ठेवलेली नसते.

दुसरी गोष्ट अशी की हीच खूण इतर देशांत वेगळे बोलते. कोरियात दोन भोवऱ्यांचा अर्थ आपल्यासारखाच दोन लग्ने असा सांगतात. चीनमध्ये मात्र दोन भोवरे असलेला आडमुठा आणि तीनवाला जिवावर उदार होऊन भांडणारा, अशा अर्थाची म्हण आहे. खुणेतच अर्थ असता तर शेजारच्या दोन देशांत त्याचे असे दोन फाटे फुटले नसते.

रानजाई:
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल सासूबाईंशी शांतपणे बोलले. टाळूवर दाब देऊ नये हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांना लगेच पटले आणि मालिश करणाऱ्या बाईंना त्यांनी स्वतःच तसे बजावले. लग्नाच्या बोलण्याविषयी मी त्यांना एवढेच विचारले की आपल्या घरात पुढे सून येईल, तिच्या कानावर हे गेले तर तिला काय वाटेल. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विषय काढला तेव्हा त्यांनीच तो थांबवला. चुलत सासूबाईंच्या धाकाच्या आग्रहाचे काय करावे, हे मला अजून सुचलेले नाही. सध्या त्यांच्यासमोर मुलाला 'हट्टी' म्हणायचे नाही, एवढे मी आणि नवऱ्याने ठरवले आहे.

जाता जाता आणखी एक विचारते. पुन्हा केस येऊ लागले आहेत आणि दोन भोवऱ्यांच्या मध्ये ते ताठ उभे राहतात. त्यावर काही उपाय आहे का?

शिकेकाई:
आमचा पिढीजात व्यवसाय केस कापण्याचा आहे, म्हणून याचे उत्तर मी देतो. दोन भोवरे विरुद्ध दिशांना वळत असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत केस समोरासमोर येतात आणि आखूड असताना उभे राहतात. पाणी किंवा तेल लावून ते थोडा वेळ बसतील, वाळल्यावर पुन्हा उठतील. त्या जागेवर मशीन खोलवर फिरवू देऊ नका. बाजूचे केस हवे तेवढे बारीक करावेत, पण माथ्यामागे दोन्ही भोवरे झाकले जातील इतकी लांबी ठेवून कैचीने, केस ज्या बाजूला झुकतात त्याच बाजूने कापायला सांगावे. केस लांब झाले की स्वतःच्या वजनाने खाली बसतात. भांग पाडायचा झाल्यास तो भोवऱ्यातून सरळ न नेता, केस जिकडे आपोआप दुभंगतात तिकडूनच पाडावा. अजून बाळाचे केस फार मऊ आहेत, त्यामुळे दोन-तीन महिने कैची लावण्याचीही घाई नको.