मदत हवी आहे: धावण्याचा वेग वाढला, पण लांब उडी कमी झाली

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. मुलगी नववीत आहे, लांब उडी मारते. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर सराव असतो. गेल्या हंगामात 4.65 मीटरपर्यंत जात होती. दिवाळीनंतर सरांनी स्प्रिंटवर जोर दिला, शंभर मीटरची वेळ चांगली खाली आली. आणि उडी? 4.30 च्या आसपास. फाऊलही वाढलेत, म्हणजे पाय उडी घ्यायच्या फळीच्या (बोर्डच्या) पुढे पडतो.

मी तालमीत वाढलेला माणूस. कुस्तीतलं काहीही विचारा. हे पळत येऊन उडायचं गणित मात्र डोक्यात शिरत नाही. सर म्हणतात अजून जोरात पळ. शेजारचे फिजिक्सचे मास्तर म्हणतात, 45 अंशात उडालं की सगळ्यात लांब जातं, तिला वर उडायला सांगा. मधल्यामध्ये पोरगी पार गोंधळलीय. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहेत. कुणाचं ऐकायचं?

तांबडी माती:
दादा, सर निम्मे बरोबर आहेत. मास्तरांचं मात्र सोडून द्या.

वेगाशिवाय लांब उडी नाहीच. जागेवरून उडी मारायची स्पर्धा पूर्वी ऑलिम्पिकमध्ये होती. 1904 मध्ये रे युरीने ती 3.47 मीटरवर जिंकली. धावत येऊन माईक पॉवेलने 1991 मध्ये टोकियोत 8.95 मारली. या फरकात मोठा वाटा धावेचाच.

आता 45 अंशांचं. तुमची मुलगी सेकंदाला 7 मीटरने येते असं धरू. 45 अंश हवेत तर वरचा वेगही 7 च पाहिजे, म्हणजे अंगाचा मध्य अडीच मीटर वर चढायला हवा. कुणाच्या बापाला जमणार नाही. बोर्डवर पाय टेकतो तो सेकंदाच्या आठव्या भागाइतका, तेवढ्यात जे वर मिळतं ते थोडंच. म्हणून जगातले चांगले उडीपटूसुद्धा 20 अंशांच्या आसपासच सुटतात.

तिचं काय बिघडलं असावं ते आकड्यात बघा. (पडताना अंगाचा मध्य सुटतानापेक्षा अर्धा मीटर खाली असतो असं धरलंय, हवेचा विरोध सोडलाय.)
पुढचा वेग 7, वरचा 2.5 : साधारण 4.65 मीटर.
पुढचा 7.4, वरचा 2 : साधारण 4.30.
पुढचा 7.4, वरचा 2.5 : 4.90.

म्हणजे वाढलेला वेग वाया गेलेला नाही, वर जाणं हरवलंय. जोरात आल्यावर बोर्डवर वेळ आणखी कमी मिळतो, गुडघा दबतो आणि पोरगी खड्ड्यात नुसती पळत शिरते. शेवटची दोन पावलं बघा. शेवटून दुसरं किंचित लांब, त्यात कंबर थोडी खाली. शेवटचं आखूड, पाय सपाट आणि ताठ. समोरच्याचा जोर वळवायला आधी आपली कंबर खाली न्यावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगावं!

रंकाळ्याचा वारा:
फाऊल वाढलेत म्हणजे धाव सुरू करायची जुनीच खूण धरून पळतीय. वेग वाढला की पाऊल लांबतं, चौदा पावलांत सहज हातभर फरक पडतो. मग बोर्ड जवळ आला की एक तर बारीक बारीक पावलं टाकते, नाही तर पाय लांब टाकून स्वतःलाच ब्रेक लावते.
दादा, मोबाईलवर बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा, लगेच कळेल.

धागाकर्ता:
आज काढला. शेवटचं पाऊल भलतंच लांब पडतंय, आणि मान खाली, नजर बोर्डवर. आता खूण नवीन कशी काढायची? आणि तोवर पळणं कमी करायला सांगू का?

तांबडी माती:
पळणं कमी नको, धाव आखूड करा. सध्या आठ-दहा पावलांवरून उड्या, जिथं शेवटची दोन पावलं तिच्या ताब्यात राहतील. ती बसली की दोन-दोन पावलं वाढवा. मोठे पुरुष 18 ते 22 पावलं घेतात, नववीतल्या पोरीला तेवढी कशाला?

खुणेसाठी खड्ड्याकडे जाऊच नका. ट्रॅकवर एका रेषेपासून पूर्ण जोरात पळू द्या, ठरलेल्या पावलांतलं शेवटचं पाऊल कुठं पडतं तिथं तुम्ही चुन्याची खूण करा. चार-पाच वेळा करून जिथं जास्त खुणा जमतील ते अंतर टेपने मोजा आणि बोर्डपासून मागे तेवढंच घ्या. सुरुवात दर वेळी एकसारखी हवी. कधी चालत, कधी उभ्याने, असं चालणार नाही. नजर खड्ड्याच्या पलीकडे.

हे सरांना विचारूनच करा हं, त्यांना डावलून नको.

रंकाळ्याचा वारा:
एक राहिलं. मैदान उघडं आहे. वारा पाठीमागून असला तर सुरुवातीची खूण थोडी मागे सरकवा, समोरून असला तर पुढे. स्पर्धेच्या दिवशी वॉर्म-अपमध्ये दोन वेळा नुसती धाव घेऊन बघायची, उडी न मारता.