मदत हवी आहे: भाऊ आयसीयूत, ओव्हरडोस, शुद्ध कधी येते?

अबोली७: काल पहाटेपासून धाकटा भाऊ आयसीयूत आहे. व्हेंटिलेटर लावलाय. डॉक्टर दोनदा भेटतात नि "वाट बघा" एवढंच सांगतात. अशांपैकी किती जण वाचतात? उपदेश नकोत, अनुभव असेल त्यांनीच लिहा.

मुक्कामपोस्ट: ओव्हरडोस कसला? कधी घेतलं, सापडला कधी? याशिवाय कोण काय सांगणार?

चक्रम: व्हेंटिलेटर बिल वाढवायला असतो. हलवा तिथून.

रात्रपाळी: चक्रम, कृपा करा. मी आयसीयूत नर्स आहे. बेशुद्ध माणसाला खोकता येत नाही, उलटी फुफ्फुसात उतरते, म्हणून नळी घालतात. त्या अवस्थेत हलवणं धोक्याचं.

अबोली७: झोपेच्या गोळ्या. रात्री कधीतरी. पहाटे आईला दिसला.

रात्रपाळी: श्वास चालू होता? हृदय बंद पडलं होतं का? नुसत्या झोपेच्या गोळ्या असतील तर औषध उतरलं की बहुतेक जण जागे होतात. जिवंत पोचलेल्यांपैकी बहुतेक घरी जातात. वाईट होतं ते सापडण्याआधी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर. नाहीतर न्यूमोनिया, किंवा एकाच कुशीवर तासन्‌तास पडून स्नायू दबले नि किडनीवर ताण आला तर. सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते, तपासलंय का, विचारा.

जुनंखोड: नॅलोक्सोन द्यायला सांगा! माझा मावसभाऊ दोन मिनिटांत उठून बसला होता.

रात्रपाळी: तुमच्या मावसभावाने अफूच्या जातीचं काही घेतलं असणार. नॅलोक्सोन हेरॉइन, मॉर्फिनवर चालतं, झोपेच्या गोळ्यांवर नाही. आणि तासा-दीड तासात उतरतं, माणूस परत झोपतो.

जुनंखोड: मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही लोक मान्यच करत नाही.

शब्दवेडा: ओव्हरडोसला 'अतिमात्रा' म्हणायला काय हरकत आहे?

मुक्कामपोस्ट: शब्दवेडा, आज नको हो. अबोली, खोलीत आणखी कसली पाकिटं होती?

अबोली७: तापाच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स होत्या कचऱ्यात. पॅरासिटामॉल. साध्याच म्हणून डॉक्टरांना बोलले नाही.

रात्रपाळी: अबोली, वाचणं थांबवा. उठा नि ड्यूटी डॉक्टरांना आत्ता सांगा. स्ट्रिप्सचा फोटो मागवा. पॅरासिटामॉल पहिल्या दिवशी काही दाखवत नाही, लिव्हर सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढासळतं. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध आहे. ८ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ पक्कं वाचतं, उशिरा दिलं तरी उपयोग होतो.

मुक्कामपोस्ट: रक्तातल्या पॅरासिटामॉलची लेव्हल तर कुठलाही ओव्हरडोस आला की करतात ना?

रात्रपाळी: करायलाच हवी. केली असेलही. तरी विचारा.

अबोली७: सांगितलं. डॉक्टर चिडले, मग लगेच रक्त घेतलं, ड्रिप लावली. आयएनआर २.४ आलाय. म्हणजे काय?

रात्रपाळी: आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. तो चढलाय, म्हणजे लिव्हर रक्त गोठवणारे पदार्थ नीट बनवत नाहीये. एका आकड्यावर जाऊ नका, पुढचा चढतोय की उतरतोय ते बघा. सोबत पीएच नि लॅक्टेट (रक्तातलं आम्ल), क्रिएटिनीन (किडनीचं काम). आकडे चढले तर लिव्हर प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी बोलून ठेवलंय का, हे विचारा. ते आधी विचारलेलं बरं.

चक्रम: मी बिलाचं रागात लिहिलं. माफ करा.

अबोली७: आज आयएनआर २.१. डोळे उघडले, पण ओळखत नाही, नळी ओढतो, हात बांधलेत. मेंदूला लागलंय का?

रात्रपाळी: २.४ वरून २.१ हे चांगलं. गोंधळ औषध उतरतानाही असतो, लिव्हरमुळेही असतो, म्हणून रक्तातला अमोनिया विचारा, लिव्हर बिघडलं की तो साठतो. "माझा हात दाब" म्हणून बघा. दाबतो का?

अबोली७: दुपारी आई म्हणाली तेव्हा दाबला. मी म्हणाले तर नाही.

रात्रपाळी: मग आईलाच बसू द्या. "का केलंस" आत्ता कुणीच विचारू नका. नळी निघाली की घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा, नाही बोलावलं तर तुम्ही मागे लागा. पुन्हा घेण्याचा धोका घरी गेल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो. घरातल्या गोळ्या आजच कुलपात.

अबोली७: आई बसलीय. उद्या रिपोर्ट टाकते.