क्रेडिट कार्डाच्या व्याजाला वरची मर्यादा हवी की नको?

वहीखातं:
२० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून डोक्यात आहे, आज लिहितेच. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं होतं की क्रेडिट कार्डवर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका अपिलात गेल्या, सोळा वर्षं केस चालली आणि शेवटी आयोगाला तो अधिकारच नाही म्हणून आदेश रद्द झाला. माझ्या भावाचं जुनं स्टेटमेंट समोर ठेवलंय. बाकी ४०,०००, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२. त्याने पोटाला चिमटा काढून २,००० भरले, त्यातले मुद्दलात गेले फक्त ३४८ रुपये. तीनशे अठ्ठेचाळीस! वर्षाचे ४२ टक्के होतात हे. आमचे आजोबा दामदुपटीचं सांगायचे, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. तो नियम फक्त सावकाराला, आणि बँकेला मात्र मोकळं रान, हे मला अजिबात पटत नाही.

रोखठोक:
ताई, भावाबद्दल वाईट वाटतं पण कार्ड घ्यायला कुणी जबरदस्ती केली नव्हती. बिल तारखेला पूर्ण भरलं तर व्याज शून्य, वर पन्नासेक दिवस फुकट वापरायला मिळतात. तारण नाही काही नाही, पैसे बुडाले तर बँकेने काय जप्त करायचं? मर्यादा घातली की बँका छोट्या पगारवाल्याला कार्डच देणार नाहीत, मग तो जाणार लोनच्या अ‍ॅपकडे, आणि ते लोक नातेवाईकांना फोन करून कसा छळ करतात ते माहितीये ना?

सुप्याचा:
मी पुणे जिल्ह्यातल्या जुन्या भीमथडी तालुक्यातला. १८७५ ला आमच्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून जाळले, त्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. आता बघा, बँकिंग रेग्युलेशन कायद्यात १९८४ ला कलम २१ए घातलं, त्यात उलट आहे, व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडायचाच नाही. माझं भांडण दरापेक्षा या कुलपाशी आहे.

रोखठोक:
सुप्याचा शेतकरी वाचू शकत नव्हता, अंगठा लावायचा, आणि गावात दुसरा सावकार नसायचा. इथे दर छापलेला असतो, दहा बँका मागे लागतात. आणि दर बघायला रिझर्व्ह बँक आहे ना, प्रत्येक जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाने वेगळा दर ठरवला तर धंदा कसा करायचा?

वहीखातं:
रिझर्व्ह बँक म्हणते व्याज अवाजवी नको, पण अवाजवी म्हणजे किती तो आकडा सांगत नाही, ते बँकेच्या संचालक मंडळावर सोडलंय. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं तर बँकेचा व्यावसायिक निर्णय असेल तर तक्रार घेत नाहीत. मग माणसाने दाद मागायची कुठे? आणि तारणाचं म्हणाल तर भावाने ती बाकी शेवटी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून फेडली, १३ टक्क्यांनी, तेही विनातारणच.

रोखठोक:
पतपेढीला दोन जामीनदार असतात आणि हप्ता पगारातूनच कापून घेतात, म्हणून १३. पण लोकपालाचं तुमचं बरोबर आहे, तिथे दार उघडं हवं.