गोल्ड स्पॉट आणि बाटलीच्या बुचाखालची चित्रे
गोल्ड स्पॉट हे संत्र्याच्या चवीचे थंड पेय लोकांनी पिणे सोडले म्हणून बंद पडले, असे काही जण म्हणतात, पण ते मत मला पटत नाही. १९७७मध्ये कोका-कोला भारतातून गेल्यानंतर थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट या पार्लेच्या तिन्ही पेयांनी बाजार व्यापला होता, आणि १९९३मध्ये पार्लेचे मालक रमेश चौहान यांनी ही नावे कोका-कोलाला विकली तेव्हाही गोल्ड स्पॉटला मागणी होतीच. मात्र नव्या मालकाकडे संत्र्याच्या चवीचे स्वतःचे फँटा होते, त्यामुळे त्याला वाट करून देण्यासाठी गोल्ड स्पॉट मागे घेतले गेले. थम्स अप आणि लिम्का मात्र टिकले.

मला मात्र गोल्ड स्पॉट म्हटले की त्याची बुचे आठवतात. ऐंशीच्या दशकात गोल्ड स्पॉटच्या बुचाच्या आतल्या अस्तराखाली जंगल बुकमधली चित्रे येत असत. आमच्या गावच्या एसटी स्थानकावरच्या उपाहारगृहात बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टबात बाटल्या उभ्या असत. ओपनर लागताच खाली पडणारे बूच उचलायला आम्ही भावंडे टेबलाखाली शिरायचो आणि दहा पैशांच्या नाण्याच्या कडेने ते अस्तर अलगद सोडवायचो. बाळू अस्वल आमच्याकडे ढीगभर जमले होते, शेरखान मात्र एकच, आणि त्याच्या कडेला नारंगी रंगाचा चिकट डाग होता. तो मी कंपासपेटीत कितीतरी वर्षे जपून ठेवला होता.