मदत हवी आहे: फ्रीकॅडमध्ये पायऱ्यांचं एकच भोक पाच ठिकाणी, पण खोली वेगवेगळी

हायड्रॉलिक मॅनिफोल्डचा (आतून तेलाच्या वाटा असलेला) ॲल्युमिनियम ब्लॉक (१५०×१००×८० मिमी) फ्रीकॅड १.० या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. त्यात कार्ट्रिज व्हॉल्व्हची (भोकात बसवायच्या व्हॉल्व्हची) पाच भोकं, तीन बाजूंवर. प्रत्येकाला तोंडाशी २७ मिमीचा उथळ स्पॉटफेस (सपाट गोल खाच), मग ३० अंशांचा उतार, एम २०×१.५ चे आटे, खाली १५.९ चा बोअर आणि तळाला ड्रिलचं ११८ अंशांचं टोक.

होल टूलमध्ये इतक्या पायऱ्या बसत नाहीत, ते बाद. अर्ध्या प्रोफाइलचं स्केच करून ग्रूव्ह मारला (ते अक्षाभोवती फिरवून कोरलं) की भोक अगदी हवं तसं येतं. पण तेच पाचदा काढायचं, आणि एक व्यास बदलला की पाचही स्केचेस उघडत बसायचं! म्हणून भोकाच्या आकाराची वेगळी बॉडी केली, तिचे क्लोन (मूळ आकाराशी जोडलेल्या प्रती) बूलियनने ब्लॉकमधून वजा केले. चाललं, पण खोली सगळीकडे सारखीच. मला दोन ठिकाणी ३८, एका तिरक्या भोकाला ५२ आणि बाकी ४४ हवी आहे.

आटे मॉडेलमध्ये कोरायचे नाहीत. व्हीएमसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याला) स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची) आणि ड्रॉइंग द्यायचंय, बस. विकतचं सॉफ्टवेअर सध्या परवडणारं नाही.

व्यास एकाच स्प्रेडशीटमधून आणि खोली मात्र प्रत्येक प्रतीची वेगळी, असं पायथन न लिहिता जमतं का?