विषय: पुतण्याचे अडकलेले पैसे आणि आपला बॅनर (तातडीचं)

प्रेषक: अण्णा, सध्या मुक्काम सोलापूर
मंडळी, कॅनडाहून गड्डा यात्रेसाठी गावी आलोय. संध्याकाळच्या आत उत्तर हवंय. पुतण्याने क्रिकेटवर पैजा लावायच्या कुठल्याशा साईटवर ४०,००० घातले. स्क्रीनवर १,१२,००० दिसतात, काढायला गेलं की ‘आधी १८,००० टॅक्स भरा’. मी ओरडलो तर पठ्ठ्यानं आपल्या मंडळाच्या गणपतीचा फोटो पुढे केला, त्यात प्रायोजक पैजांच्या कंपनीचा बॅनर. "काका, तुमच्याच बॅनरवर हायत की ओ हे!" काय बोलू? तो फोटो आधी मंडळाच्या साईटवरून उतरवा.

प्रेषक: खजिनदार
पुन्हा बॅनर! त्या बॅनरच्या १,५०० डॉलरवर हॉलचं भाडं निघालं, तेव्हा सगळे मोदक खाऊन गेले. ती कंपनी आपल्या ओंटारियो प्रांतात रीतसर नोंदलेली आहे. ४ एप्रिल २०२२ पासून इथे खाजगी कंपन्यांना मुभा आहे, एजीसीओकडे, म्हणजे प्रांताच्या जुगार नियामकाकडे, नोंदणी लागते, वय १९ लागतं, तक्रारीला दार आहे. आणि ते ॲप ओंटारियोच्या हद्दीबाहेर पैजच घेत नाही. मग सोलापुरात चाललं कसं? पुतण्याचं दुकान वेगळं आहे, नुसता रंग सारखा.

प्रेषक: ब्रॅम्प्टनच्या वहिनी
अण्णांनी विचारलं काय, हे सांगतात काय. अण्णा, एक रुपया भरू देऊ नका. भारतात जिंकलेल्या पैशांवर ३०% कर आहे, पण तो त्यातूनच कापतात, वरून मागत नाहीत. पैसे भरताना क्यूआरवर नाव कुणाचं यायचं ते बघा. दर वेळी वेगळंच नाव आलं तर फसवणूक समजा, माझ्या भावाला एकदा साडी सेंटर दिसलं, एकदा दूध डेअरी. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा.

प्रेषक: अण्णा
बघितलं. पाच वेळा पाच नावं, त्यात एक टायरवाला. पण पोरगं घाबरलंय, नव्या कायद्यात मलाच आत टाकतील म्हणतंय.

प्रेषक: नाना
ऑगस्ट २०२५ चा तो पैसे लावून ऑनलाईन खेळण्यावरच्या बंदीचा कायदा धंदा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला धरतो. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पैज लावायचीच तर पुण्याची रेस आहे की, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलंय. आमचे मामा पावसाळ्यात सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचे. रात्री चपला कशा काढतात त्यावरून मामीला निकाल कळायचा. अण्णा, येताना शेंगाचटणी दोन किलो.

प्रेषक: सचिव
चटणीच्या ऑर्डरी अण्णांना वैयक्तिक पाठवा, लिस्टवर नको. साईटचा पासवर्ड मागच्या कार्यकारिणीकडे आहे.

प्रेषक: खजिनदार
आणि फोटो उतरवायचा तर ठराव लागेल. प्रायोजकाशी करार माझ्या सहीचा आहे.

प्रेषक: अण्णा
१९३० लागला, तक्रार नोंदवली. पण तुमची मेलं वाचेपर्यंत त्यानं त्या १८,००० पैकी ५,००० भरले होते. या वेळी क्यूआरवर मंगल कार्यालय. ठराव करा नाहीतर काही करा, फोटो उतरवा. चटणी आणतो.