आजोबांची खयालाची पेटी आणि माझं रॉक-ब्लूजचं कपाट: एकत्र ठेवू की वेगळं?

गिटारवाला निपाणी

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा. गिटार वाजवतो, आणि नोकरी लागल्यापासून एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) जमवतोय. बहुतेक सगळं रॉक, त्यातून थोडं ब्लूजकडे, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्याकडे, वळलोय. क्रीम, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, मडी वॉटर्स असं.

आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांची रेकॉर्डची पेटी इतकी वर्षं माळ्यावर होती, आता घराची कौलं उतरवायची म्हणून ती खाली आली. आत ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जाड तबकड्या आहेत (अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, नाट्यपदं, दोन-चार कन्नड) आणि वर एलपी: मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, भीमसेन. शिवाय एक चावीचा ग्रामोफोन, कर्ण्याशिवायचा.

एक माणूस सगळी पेटी उक्ती घ्यायला तयार आहे. त्या पैशात माझ्या रॉकच्या यादीतलं बरंच येईल. पण आजी काही बोलत नाही, नुसती पेटीजवळ जाऊन बसते. मला शास्त्रीयातलं कळत नाही, हे सरळ सांगतो. तर विचारायचं असं की दोन्ही संग्रह एकाच माणसाकडे असण्यात काही अर्थ आहे का? की ज्याला कळतं त्याच्याकडे ते जाऊ द्यावं? आणि ठेवायचंच ठरलं तर आपल्याकडच्या पावसात ते टिकवायचं कसं?

खानापूर पाऊसवाला

पावसाचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पहिलं म्हणजे पेटीतून सगळं बाहेर काढा. बंद पेटीत ओल अडकते आणि बुरशी आधी कागदाला धरते, मग तबकडीवर येते. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, पुस्तकासारख्या, पण तिरक्या कलू द्यायच्या नाहीत. आडवी चळत तर कधीच नको, खालच्या वाकतात. पावसाळी वाऱ्याच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नका. आमच्याकडे खानापुरात जून ते सप्टेंबर ती भिंत हाताला गार लागते. आतली जुनी कागदी पाकिटं बदला. वरून घट्ट प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं असेल तर काढून टाका, आतली हवा कोंडते.

धुण्याबाबत एक गोष्ट जपा. एलपी विनाइलची असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे थेंब टाकून मऊ कापडानं, खाचांच्या दिशेनं पुसली तर चालते. मधलं लेबल भिजवायचं नाही. पण ७८ची तबकडी लाखेची. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, लाख त्यात विरघळते.

शहापूरच्या काकू

निपाणीकर, पेटी विकू नकोस. कारणं सांगते, थोडं लांबेल.

मी शहापूरची, बेळगावची. नोकरी धारवाडला बँकेत होती. त्या काळात मन्सूर अण्णांना समोर बसून ऐकायला मिळालं, आणि त्यांच्या एलपी निघतील तशा मी घेत गेले. ब्लूज माझ्याकडे आलं ते बेळगाव कॅम्पातल्या एका कुटुंबामुळे. ते लोक गाव सोडून चालले होते आणि घरातल्या रेकॉर्ड विकत होते. मी वेस्टर्न क्लासिकल मिळेल म्हणून गेले आणि बी. बी. किंग यांची 'लाइव्ह अॅट द रीगल' घेऊन आले. १९६४ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेली मैफल. घरी लावली तेव्हा गाण्याआधी माझं लक्ष श्रोत्यांकडे गेलं. गिटारच्या एका सुरावर सगळं थिएटर ओरडतं, आणि तो त्या ओरडण्याला उत्तर देऊन पुढची जागा घेतो. आपल्याकडे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद येते आणि गवई त्या दादेवर चढतो, तसंच. त्या दिवसापासून माझ्या कपाटात दोन्ही एकत्र आहेत.

तू विचारतोस, एकाच माणसाकडे दोन्ही असण्यात अर्थ काय. तुझ्याच पेटीतले कुमार गंधर्व घे. त्यांचा जन्म १९२४चा, आपल्या सुळेभावीचा. मिरज लाइनवर बेळगावच्या जवळचंच स्टेशन आहे ते. शिवपुत्र कोमकळी नावाचा तो मुलगा कुणाकडे शिकायला जायच्या आधी मोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकायचा आणि त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. गायनगुरू देवधर मास्तरांकडे मुंबईला गेला तो नंतर. भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' रेकॉर्डवर ऐकून झपाटले आणि गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. ही तबकडी तुझ्या पेटीत आहे का, आधी बघ.

आता तुझ्या कपाटाकडे ये. रॉबर्ट जॉन्सन या मिसिसिपीच्या गवयानं १९३६ आणि १९३७मध्ये टेक्सासात दोनदा ध्वनिमुद्रण केलं. एकूण २९ गाणी. पुढच्याच वर्षी तो गेला. १९६१मध्ये त्यातल्या काही गाण्यांची एलपी निघाली, ती इंग्लंडमधल्या पोरांच्या हाती लागली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला पहिल्यांदा ऐकताना दोन माणसं गिटार वाजवताहेत असं वाटलं होतं. क्रीमचा एरिक क्लॅप्टनही त्याच रेकॉर्डवर वाढला. तुझ्याकडच्या क्रीमच्या १९६८च्या अल्बमवर जे 'क्रॉसरोड्स' आहे ते मूळ जॉन्सनचं. त्या पोरांना मिसिसिपीतला गुरू भेटणं शक्य नव्हतं. सुळेभावीच्या मुलासमोर फैय्याज खाँ रोज थोडेच बसणार होते? दोघांनीही तबकडीला कान लावला आणि पुन्हा पुन्हा ऐकून गळ्यात, बोटांत उतरवून घेतलं. तुझी पेटी आणि तुझं कपाट हे एकाच रीतीनं शिकलेल्या लोकांचं घर आहे. त्यातलं अर्धं उक्तं विकून उरलेलं अर्धं तुला नीट कळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि अब्दुल करीम खाँसाहेब १९३७मध्ये गेले. मिरजेला त्यांचं दफन झालं, निपाणीहून किती लांब आहे ते? तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर गाणारा माणूस साडेतीन मिनिटांत काय ठेवतो आणि काय सोडतो, हे ऐकायचं असेल तर खाँसाहेब आणि जॉन्सन एका बैठकीत लाव. दोघेही सुरुवातीला वेळ घालवत नाहीत. पहिल्याच सुराला तुम्ही आत असता.

गिटारवाला निपाणी

काकू, हे वाचून पेटी पुन्हा उघडली. झिंझोटीची तबकडी आहे! कडेला थोडी खरचटलीय, पण अखंड आहे.

खरं अडतं ते एलपीवर. खयाल लावला की सुरुवातीचा संथ भाग मला धरून ठेवत नाही. भीमसेनांची एक बाजू लावली, आलापीतच लक्ष गेलं. ब्लूज मात्र लगेच भिडतं. असं का?

आणि ती ७८ चावीच्या ग्रामोफोनवर लावू का?

शहापूरच्या काकू

ब्लूज भिडतं याचं एक कारण तुझ्या बोटांत आहे. तू गिटारची तार ओढून स्वर वर नेतोस ना, ती मींडच आहे. ब्लूजमधला गंधार (ग) पुष्कळदा कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मध्ये कुठेतरी हलत असतो. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार लागतात. जोग ऐकलेल्या कानाला ब्लूज परका वाटत नाही तो यामुळे. पण म्हणून ब्लूज म्हणजे आपला जोगच, असं कुणी म्हणालं की मला ते अजिबात पटत नाही. बारा बारांच्या (चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या) ब्लूजमध्ये खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बदलते आणि त्या बदलामुळे वरच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो. खयालात खालचा षड्ज (सा) हलत नाही, तंबोरा एकच गोष्ट सांगत राहतो आणि सगळा बदल गवयानं घडवायचा असतो. हा फरक कानाला कळला की दोन्हींची गोडी वाढते. मधली जागा हवी असेल तर ब्लूजवाला जॉन ली हुकर ऐक. तो कितीतरी वेळ एकाच कॉर्डवर बसतो.

संथ भाग धरत नाही म्हणतोस, तर भीमसेनांपासून सुरुवात करू नकोस. मन्सूर अण्णांची एलपी लाव. ते अतिविलंबितात, म्हणजे फार संथ लयीत, जात नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून आलेली. तबला पहिल्यापासून चालता असतो आणि बंदिशीचे बोल घेऊन आवर्तनामागून आवर्तन बांधत जातात. एक तान संपते तिथे श्वास न सोडता दुसरी निघालेली असते. रॉक ऐकणाऱ्या माणसाला लयीचा हा रेटा लगेच कळतो. पहिल्यांदा ऐकताना राग ओळखायचा प्रयत्न करू नकोस, नुसती सम कुठे येते ते पकड. अण्णा समेवर ज्या वाटेनं येतात, ती दर वेळी वेगळी असते. मागच्या कव्हरवर राग, ताल, साथीदार यांची माहिती असते, ती दुसऱ्यांदा ऐकताना वाच.

मग ऑलमन ब्रदर्सची १९७१ची 'अॅट फिलमोर ईस्ट' घे, मिळाली तर. दोन तबकड्यांचा संच आहे. शेवटची अख्खी बाजू एकाच गाण्याला दिलीय, जवळजवळ तेवीस मिनिटं. गाण्याची ओळ थोडी, बाकी सगळा विस्तार. ती बाजू तू पूर्ण ऐकू शकलास तर भीमसेनांची बाजूही ऐकशील. तेव्हा त्यांच्याकडे परत जा.

आणि आपलं एक, 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७चं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काबरा गिटार मांडीवर घेऊन तारेवरून पट्टी सरकवत वाजवायचे. ऑलमन ब्रदर्समधल्या ड्युएन ऑलमनची स्लाइड (तारेवरून नळी सरकवत वाजवलेली गिटार) आणि काबरांची पट्टी एकामागून एक ऐक, गिटारवाल्यानं हे ऐकायलाच हवं. त्याच वाटेवर पुढे विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं १९९३चं 'अ मीटिंग बाय द रिव्हर' येतं. तिथे भट्टांची मोहनवीणा (गिटारवरूनच घडवलेलं वाद्य) आणि कूडरची बॉटलनेक, म्हणजे स्लाइडची, गिटार समोरासमोर बसलेत.

ग्रामोफोनचं: त्यावर ७८ वाजते, पण पोलादी सुई दर बाजूला नवी लागते आणि सुई धरणाऱ्या डोक्याचं वजन फार असतं. खाँसाहेबांची तबकडी एकुलती असेल तर तिला हा त्रास देऊ नकोस. एलपी तर त्यावर चुकूनही नको, एका वाजवण्यात खाचा खरवडून निघतील. उलट बाजूनंही जप, एलपीची सुई ७८ला चालत नाही. ७८ची खाच कितीतरी रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८चा वेग असलेला टर्नटेबल आणि त्या खाचेची वेगळी सुई, असं घे. आधी ते, मग नवे अल्बम.

मिरज लाइन

काकूंचं वाचून राहवलं नाही. मी घटप्रभेचा, वेस्टर्न क्लासिकल जमवतो.

रॉबर्ट जॉन्सनचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ती तारीख २३ नोव्हेंबर १९३६. त्याच दिवशी लंडनमध्ये चेलोवादक पाब्लो कासाल्स बाखचे दोन चेलो सूट (नृत्यरचनांच्या मालिका) ध्वनिमुद्रित करत होते. एक सॅन अँटोनिओत, एक अॅबी रोडला. दोघंही एकटेच, हातात एक वाद्य. ब्लूज आणि क्लासिकल एकत्र कसं ठेवायचं, असं कुणी विचारलं की मी या दोन रेकॉर्ड शेजारी ठेवतो.

निपाणीकरांना माझ्या बाजूनं एकच सुचवणं. वेस्टर्न क्लासिकलमध्ये उतरलात तर नव्या नव्या रचनांच्या मागे धावण्यापेक्षा एकाच रचनेची दोन सादरीकरणं घ्या. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' १९५५मध्ये वाजवली आणि पुन्हा १९८१मध्ये. पहिली साधारण ३८ मिनिटांची, दुसरी ५१. माणूस तोच, स्वरलिपी तीच. खयालाच्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही, एकच बंदिश चार गवयांकडून ऐकायची त्याला सवयच असते.

गिटारवाला निपाणी

त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. आजीला विचारलं, यातली आजोबा कुठली जास्त लावायचे? तिनं हात घालून बरोबर एक कन्नड वचनांची (लिंगायत संतांच्या पदांची) काढली, लेबल न वाचता. तिला वाचता येत नाही, कव्हरच्या रंगावरून ओळखते.

काकू, टर्नटेबल यायला वेळ लागेल. तोवर झिंझोटी तुमच्याकडे ऐकता येईल का? रविवारी बेळगावला येणं होतं.

शहापूरच्या काकू

ये की. आजीला पण घेऊन ये, तिची वचनांची तबकडी आधी लावू.

७८ बसमधून आणताना पिशवीत आडव्या ठेवू नकोस, एका खड्ड्यात दोन तुकडे होतील. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये एकेक तबकडी, मध्ये मऊ कापड, आणि मांडीवर उभी धरून बस. खिडकीतलं ऊन लागू देऊ नकोस. कुमारांची भजनंही आण, माझ्या प्रतीची दुसरी बाजू घासलीय, तुझी कशी आहे ते ऐकायचंय मला.